तुम्ही कुठले? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की एसटीत शेजारी बसलेला माणूस अजून तिकीटही काढलेलं नसताना 'तुम्ही कुठले?' का विचारतो. त्यावर इतके मेल आले की संपादकांचा फोन आला, पुढचा अख्खा कॉलम यावरच होऊन जाऊ दे. मग घ्या. ओळखू येतील असे तपशील नेहमीसारखे बदललेत, पत्रं कापलीत, एका काकांचं तर हाताने लिहिलेलं अकरा पानी पत्र होतं, काका सॉरी.

प्रश्न : ताई, आमची सोसायटी पिंपळे सौदागरला, दोन विंग, ए आणि बी. आधी एकच गणपती बसायचा. तीन वर्षांपूर्वी वर्गणीच्या हिशोबावरून वाजलं आणि बी विंगने वेगळा बसवला. आता आमचे टीशर्ट भगवे, त्यांचे जांभळे, ढोल वेगळे, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे, आणि विसर्जनाला गेटमधून आधी कोण बाहेर पडणार यावरून मागच्या वर्षी धक्काबुक्कीसुद्धा झाली. गंमत म्हणजे आधी मी बी मध्येच भाड्याने राहत होतो, तेव्हा मला ए वाले माजोरडे वाटायचे. मग ए मध्ये फ्लॅट घेतला आणि आता बी वाले चिंधीचोर वाटतात. बी मध्ये माझा एक जिवलग मित्र आहे, त्याच्याशीसुद्धा हल्ली मी मोजूनमापून बोलतो. मी शिकलेला माणूस आहे हो, हे असं का होतंय? (वय ४१)

उत्तर : तुम्ही भाड्याचं घर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलात आणि सामानाबरोबर शत्रूपण शिफ्ट केलात, हे वाचून मी जाम हसले, आणि मग म्हटलं की या माणसाने माझ्या मानसशास्त्रातला सगळ्यात गाजलेला प्रयोग स्वतःच्या घरी करून पाहिलाय आणि त्याला माहीतच नाही.

हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, मूळचा पोलंडचा ज्यू, जन्म १९१९ चा. फ्रान्समध्ये शिकायला गेला, दुसरं महायुद्ध लागलं, फ्रेंच सैन्यात भरती झाला आणि जर्मनांच्या हाती सापडला. पाच वर्षं युद्धकैद्यांच्या छावणीत काढली. तिथे तो फ्रेंच म्हणून नोंदला गेला होता म्हणून वाचला, तो पोलंडचा ज्यू आहे हे कळलं असतं तर संपला असता, मग पहारेकऱ्याशी त्याचं कितीही छान जमत असू दे. सुटून आला तेव्हा घरातलं कुणी उरलं नव्हतं. आता असा माणूस पुढे आयुष्यभर 'आपले' आणि 'परके' यावरच काम करणार ना.

१९७० च्या सुमाराला तो इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला होता. तिथल्या शाळेतली १४-१५ वर्षांची ६४ मुलं घेतली, पडद्यावर ठिपके दाखवले आणि विचारलं किती होते सांगा. मग मुलांना सांगितलं की तुमच्यातले काही जास्त मोजणारे आणि काही कमी मोजणारे असे दोन गट पडलेत. धादांत खोटं, गट असेच कसेही पाडले होते. मग एकेकाला वेगळं बसवून दुसऱ्या दोन मुलांना पैसे वाटायला सांगितले. मुलांची नावं नाहीत, फक्त नंबर, आणि कोण कुठल्या गटातला तेवढं. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. भांडण नाही, इतिहास नाही, वर्गणी नाही, काही नाही. ताजफेलचं म्हणणं असं की आधी एक कोरा गट तयार करू, जिथे भेदभाव शून्य असेल, आणि मग एकेक गोष्ट वाढवत बघू की भेदभाव नेमका कुठून सुरू होतो. तर तो शून्य सापडलाच नाही. पोरांनी पहिल्यापासूनच आपल्या गटातल्या नंबराला झुकतं माप दिलं.

याच्याहून भारी पुढचं आहे. दुसऱ्या प्रयोगात आकड्यांच्या जोड्या अशा लावल्या होत्या की एका टोकाला आपल्या गटाच्या मुलाला १९ आणि परक्याला २५, दुसऱ्या टोकाला आपल्याला ७ आणि परक्याला १, आणि मधे १३-१३. साधा हिशोब केला तर १९ घ्यावेत ना, आपल्या पोराचा फायदा. पण मुलांचा कल आपले कमी झाले तरी चालतील, त्यांच्यापेक्षा जास्त पाहिजेत, असा दिसला. तुमच्या सोसायटीतल्या एलईडी लाइटिंगची बिलं काढून बघा एकदा, म्हणजे कळेल.

यातून ताजफेल आणि त्याचा विद्यार्थी जॉन टर्नर यांनी १९७९ साली जे मांडलं ते सोप्या भाषेत असं, की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटायला लागतं आणि त्यातलं अर्धंअधिक बरं वाटणं तो आपल्या गटाकडून उसनं आणतो. भारत जिंकला की 'आपण जिंकलो', हरला की 'हरले साले'. हे नुसतं मी म्हणत नाहीये, १९७६ साली अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर हेच तपासलं होतं, शनिवारी टीम जिंकली की सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे, आणि बोलताना जिंकलेल्या मॅचला 'आम्ही' यायचं आणि हरलेल्या मॅचला 'ते'.

आता करायचं काय. मुझफर शेरीफ नावाच्या माणसाने १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाला २२ मुलांचं शिबिर भरवलं होतं, दोन गट, एक गरुड आणि एक रॅटलर, म्हणजे खुळखुळ्या साप. सामने लावल्यावर एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत प्रकरण गेलं. एकत्र जेवायला बसवलं तर ताटातलं अन्न फेकून मारलं. मिटलं कधी, तर पाण्याची लाइन बंद पडली आणि सगळ्यांना मिळून दुरुस्त करायला लागली तेव्हा, आणि जेवण आणणारा ट्रक बंद पडला तेव्हा. तो ट्रक पोरांनी ज्या दोराने ओढला तो रस्सीखेचीचाच दोर होता. (शेरीफला लोक नंतर बरंच बोललेत, आणि बरोबरच आहे, कारण आदल्या वर्षीच्या शिबिरात पोरांनी ओळखलं होतं की ही मोठी माणसंच आपल्यात लावून देतायत आणि तो प्रयोग गुंडाळायला लागला होता. त्या पोरांचं मला फार कौतुक आहे.)

तुमच्या इथे एप्रिल-मेला पाण्याचे टँकर येतातच की. त्याची कमिटी दोन्ही विंगची मिळून करा, तुम्ही आणि तो तुमचा मित्र दोघं घुसा त्यात. एकत्र आरती-बिरती एवढ्यात ठेवू नका, तिथे परत आधी ताट कुणाच्या हातात यावरून होईल.

प्रश्न : मॅडम मी लातूर जिल्ह्यातला, सध्या सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पहिल्या महिन्यात मी रूमवर 'काय करलालास बे' म्हणलो तर सगळे हसले, मला महिनाभर 'करलालास' म्हणूनच हाक मारत होते. मग मी शिकलो नीट बोलायला. दिवाळीला घरी गेलो आणि चुकून 'काय करतोयस' निघालं तोंडातून तर चुलते म्हणले झाला बघा पुणेरी, आता हा चपलापण आत घालून फिरंल. इकडं पण नाही तिकडं पण नाही असं झालंय. खरा मी कोणता? (वय २३)

उत्तर : तुला तू म्हणते, राग मानू नको, तेवीस वर्षं तुझ्याच वयाच्या पोरांना शिकवलंय.

'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द तू ऐकला असशील, हल्ली जिम सोडली तरी लोकांना तो होतो. तो शब्द ज्याने रूढ केला त्या एरिक एरिक्सनची गोष्ट ऐक. १९०२ सालचा जन्म, जर्मनीत वाढला. आई डॅनिश ज्यू, सख्खा बाप कोण ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, सावत्र बाप ज्यू डॉक्टर. पोरगं उंच, गोरं, निळ्या डोळ्यांचं. तर ज्यूंच्या प्रार्थनास्थळात मुलं त्याला परधर्मी म्हणून चिडवायची आणि शाळेत जर्मन मुलं ज्यू म्हणून चिडवायची. इकडं पण नाही, तिकडं पण नाही. पुढे अमेरिकेत गेला, १९३९ ला नागरिकत्व घेताना आडनावच नवीन घेतलं, एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा एरिक, स्वतःच स्वतःचा बाप. आणि तुझ्या वयात माणसाचं मुख्य काम 'मी कोण' याचं उत्तर जुळवणं हेच असतं, हे त्याने सांगितलं. हे लगेच जुळत नाही हे पण त्यानेच सांगितलं. या विषयातली मोठी माणसं बघ, ताजफेल काय नि हा काय, बहुतेक सगळी उंबऱ्यावरची. घरात मधोमध बसलेल्याला उंबरा दिसतच नाही बहुधा.

आपल्याकडचं बघायचं तर कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे तिथले ज्यू. शतकानुशतकं रायगडच्या गावांमध्ये तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली, आडनावं गावावरून, पेणकर, नवगावकर, बोली मराठी. म्हणजे गावात ते वेगळे, कारण ज्यू. मग इस्राएल झाल्यावर बरेच जण तिकडे गेले आणि तिथे १९६० च्या दशकात धर्मगुरूंनी शंका काढली की हे लोक पुरते ज्यू आहेत का, लग्न लावताना पिढ्या तपासा. त्यावर या लोकांनी आंदोलन केलं आणि १९६४ ला सरकारला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं. तिकडे त्यांची ओळख काय, तर हिंदुस्थानी. कोकणात ज्यू आणि इस्राएलात हिंदुस्थानी, माणसं तीच. समोर कोण बसलंय त्यावर आपलं काय उठून दिसतं ते ठरतं, टर्नरने १९८० च्या दशकात याचीच मोठी थिअरी केली. पुण्यात तू 'लातूरचा', लातूरला तू 'पुण्याचा', उद्या दिल्लीला मुलाखतीला गेलास की 'महाराष्ट्राचा', आणि तिथे तोच 'करलालास' म्हणून हसणारा रूममेट भेटला तर गळ्यात पडशील त्याच्या.

बोलीचं म्हणशील तर बदलणारच. हॉवर्ड जाइल्स नावाचा ताजफेलच्याच ब्रिस्टलमधला मानसशास्त्रज्ञ, मूळचा वेल्सचा, त्याने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने १९७७ साली एक प्रयोग छापला. काही लोक वेल्श भाषा शिकत होते, त्यांना हेडफोनवर एका झ्याक इंग्रज आवाजात प्रश्न विचारले. मधेच तो आवाज म्हणाला, या मरायला टेकलेल्या भाषेला काही भविष्य नाही, तुम्ही कशाला शिकता? तर या लोकांची इंग्रजी पुढच्या उत्तरात मुद्दाम जास्तच गावठी वेल्श झाली, काहींनी मधे मधे वेल्श शब्द टाकले, आणि एक बाई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने माइकमध्ये एका वेल्श शिवीचं क्रियापद चालवायला घेतलं. म्हणजे बोली समोरच्याकडे सरकते पण आणि समोरच्यापासून लांब पण सरकते, दोन्ही आपणच करतो, दोन्ही खरंच असतं.

मला काळजी फक्त एका गोष्टीची वाटली, तुझ्या पत्रातल्या 'नीट बोलायला' या दोन शब्दांची. 'पुण्यासारखं बोलायला शिकलो' असं लिहिलं असतंस तर मी चार ओळीत उत्तर संपवलं असतं. मी सांगलीची, पुण्यात नोकरीला लागले तेव्हा 'आलो, गेलो, करतो' म्हणायचे, आमच्याकडे बायकापण तसंच बोलतात, तर स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या अय्या तुम्ही पुरुषासारखं बोलता. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी मुद्दाम 'आलो' म्हणते. म्हणतो.

चुलत्यांना म्हणावं चप्पल बाहेरच काढतो, पोस्ट निघू दे.

प्रश्न : मी आडनाव लावत नाही, नाव आणि वडिलांचं नाव एवढंच. मूळची नागपूरची, आता मुंबईत आयटीत. नवीन टीममध्ये कुणीतरी विचारतंच, 'पूर्ण नाव काय?' मी परत तेच सांगते. 'नाही म्हणजे आडनाव?' मग एक सेकंद सगळे गप्प. आडनाव सांगितलं की पुढे काय होतं ते मला शाळेपासून माहितीये, म्हणून नाही सांगत. पण माझा मावसभाऊ म्हणतो की तू लपवतेस, बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मानेने जगायला शिकवलं आणि तू खोटं जगतेस. तेव्हापासून झोप उडालीये. (वय २९)

उत्तर : आधी माझी एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर द्यायचा मला हक्क नाही. मी कॉलेजात क्लास टीचर होते तेव्हा दर जुलैत ऑफिसातून स्कॉलरशिपची यादी यायची आणि मी वर्गात उभी राहून ती खड्या आवाजात वाचायचे, ही ही नावं, उभे राहा, फॉर्म घेऊन जा. नव्वद पोरं बसलेली आणि वीस-बावीस उभी. कितीतरी वर्षं हेच केलं. मला वाटायचं मी मदत करतेय, फॉर्मची तारीख चुकू नये म्हणून ओरडायचेसुद्धा. एकदा एक मुलगी उभीच राहिली नाही, नाव दोनदा घेतलं तरी नाही, वर्ग सुटल्यावर स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली मॅडम तो फॉर्म मी ऑफिसातून घेईन, तुम्ही वाचू नका ना. तेवढंच म्हणाली. मी म्हटलं अगं त्यात लाजायचं काय. बघा ना, हे मी मानसशास्त्राच्या मास्तरणीने म्हटलं!

पुढे काही वर्षांनी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला आणि मी पुस्तक मिटून बसून राहिले. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधली सहावी-सातवीची मुलं, ३२१ सवर्ण मानल्या जाणाऱ्या जातींची आणि ३२१ दलित जातींची. कागदावरचे भुलभुलय्ये सोडवायचे, जेवढे सुटतील तेवढे पैसे. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच, काही फरक नाही. आणि दुसरीकडे काम सुरू करायच्या आधी फक्त एवढंच केलं, प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. संपलं. तीच कोडी, तेवढाच वेळ, आणि दलित मुलांचा आकडा घसरला. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी हसलं नव्हतं, नुसतं वाचून दाखवलं होतं. मी दर जुलैत तेच करत होते.

तेव्हा आडनाव विचारल्यावर जो एक सेकंद जातो तो तुमच्या मनाचा खेळ आहे असं कुणी म्हटलं तर खुशाल सोडून द्या.

आता मावसभाऊ. ताजफेलने म्हटलंय की ज्या गटाला समाज खाली लेखतो त्यातल्या माणसासमोर साधारण तीन वाटा असतात. एक, आपण एकट्याने त्यातून बाहेर सरकायचं. दोन, आपल्या गटाचा अर्थच बदलायचा, जे हिणवायला वापरतात तेच अभिमानाने लावायचं. तीन, सगळ्यांनी मिळून व्यवस्थेशीच भिडायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी एका दिवसात जी ओळख बदलली ती एकेकट्याने गुपचूप बदललेली नव्हती, आणि १९७२ ला मुंबईत पोरांनी संघटना काढून नाव ठेवलं दलित पँथर, तेव्हा 'दलित' हा शब्द त्यांनी छातीवर लावला. मावसभाऊ या दोन वाटांवरून बोलतोय, त्याचं चूक नाही. पण दर सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगमध्ये चळवळ चालवायची सक्ती एका २९ वर्षांच्या मुलीवर नको, आणि जे विचारायचा समोरच्याला हक्कच नाही ते न सांगणं म्हणजे खोटं बोलणं असं मला अजिबात वाटत नाही. खोटं तेव्हा झालं असतं जेव्हा तुम्ही दुसरं एखादं आडनाव लावून सत्यनारायणाला गेला असता.

किंमत मात्र असते, ती सांगायला पाहिजे. लपवलेली गोष्ट डोक्यात एक खिडकी कायम उघडी ठेवते, कोण काय बोलतंय, कुठे विषय वळतोय, यावर लक्ष ठेवण्यात दम जातो. त्यामुळे ऑफिसमध्ये एक-दोन तरी अशी माणसं हवीत जिथे ही खिडकी बंद करता येईल. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, ते तुमच्या सोयीने, त्यांच्या कुतूहलाने नव्हे. मावसभावाला एकदा शाळेतला तो प्रसंग सांगा जो तुम्ही मला लिहिलात आणि जो मी इथे छापला नाही. माझा अंदाज आहे त्याला तो माहीत नाही.

प्रश्न : कंपनीत त्या चार अक्षरांच्या पर्सनॅलिटी टेस्ट घेतात. माझं एकदा इंट्रोव्हर्ट आलं, सहा महिन्यांनी एक्स्ट्रोव्हर्ट. मग मी नक्की कोण? (हिंजवडी)

उत्तर : सहा महिन्यांनी परत टेस्ट दिलेले तुम्ही. ती टेस्ट बनवणाऱ्या दोघी, आई कॅथरीन ब्रिग्ज आणि मुलगी इसाबेल मायर्स, हुशार होत्या, पण दोघींनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचं वाचून त्यांनी ते १६ खोके केले. माणसं बहुतेक मधली असतात आणि टेस्ट त्यांना मधे उभंच राहू देत नाही, रेषेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलते, त्यामुळे जरा झोप कमी झाली की अक्षर बदलतं. एचआरला फॉर्म भरून द्या आणि चहाला जा.

प्रश्न : माझं माहेर कोल्हापूर, सासर डोंबिवली. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, ते मला तेव्हा आवडलंसुद्धा होतं. आता अकरा वर्षं झाली, आधार, पॅन, शाळेतली मुलांची डायरी सगळीकडे तेच. मागच्या महिन्यात वडील गेल्याचं उशिरा कळलेल्या त्यांच्या एका जुन्या मित्राचा फोन आला, त्यांनी माझं माहेरचं नाव घेऊन विचारलं अमुक आहे का, आणि मी म्हटलं, ती इथे राहत नाही. आणि फोन ठेवला. दोन मिनिटांनी कळलं मी काय बोलले. ओट्याला धरून रडले. मला वेड लागतंय का? (वय ३६)

उत्तर : नाही. वडील गेलेत, महिनाभर नीट झोप नाही, कुकर लावताना फोन येतो (कुकर माझा अंदाज, ओट्यावरून काढला), आणि या घरात अकरा वर्षं कुणी न मारलेली हाक अचानक येते. मेंदूने सवयीचं उत्तर देऊन टाकलं. ते वाक्य एवढं लागलं त्याचं कारण वेगळं आहे. त्या नावाने हाक मारणारी माणसं कमी होत चाललीत, आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज आत्ताच बंद झालाय.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलंय की माणसाला ओळखणारी जितकी माणसं तितके त्याचे सामाजिक 'मी'. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय, आणि त्याचा उलटा अर्थ मला माझी आई गेली तेव्हा कळला, की ओळखणारं माणूस गेलं की त्याच्याबरोबर तेवढा एक 'मी' पण जातो. आपण त्यांच्यासाठी रडतो आणि त्या पोरीसाठी पण रडतो, जिला फक्त त्यांनीच पाहिलं होतं.

एक करून बघा. १९५४ साली कून आणि मॅकपार्टलंड या दोघांनी एक साधी चाचणी काढली, कोऱ्या कागदावर वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत 'मी कोण?' याचं एक उत्तर. विचार न करता भराभर लिहायचं. पहिल्या पाच-सहा ओळीत नाती आणि हुद्दे येतात बहुतेकांच्या, आई, बायको, सून, शिक्षिका. बाराव्या-तेराव्या ओळीला पेन अडतं. तिथून पुढे जे येतं ते वाचण्यासारखं असतं. माझ्या एका विद्यार्थिनीने सतरावी ओळ लिहिली होती, 'मी पोहायला येणारी'. लग्नानंतर नऊ वर्षं पाण्यात उतरली नव्हती ती. तुमच्या वीस ओळीत दोन्ही नावांच्या बायका निघतील, आणि काही ओळी अशा असतील ज्यांना कुठलंच नाव लागत नाही, दोघींच्या सारख्याच.

कायद्याचं एवढंच, की लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे कुठेच नाही, आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव लावायचं असा निर्णय झालाय, बापाच्या नावाच्या आधी. तुमची मुलं त्याआधीची, त्यांना लागू नाही, पण सांगून ठेवलं. कागद परत बदलायच्या भानगडीत पडूच नका, गॅझेट, बँका, सगळं नव्याने, आत्ता तेवढा जीव नाहीये तुमच्यात. त्यापेक्षा जुनं नाव एका कुठल्यातरी जागी जिवंत ठेवा, वाचनालयाचं कार्ड, भिशीचा ग्रुप, काहीही. नवऱ्याला सांगा की घरात अधूनमधून त्या नावाने हाक मारत जा. बिचारा दचकेल आधी.

आणि वडिलांच्या त्या मित्राला फोन करा, नंबर असेलच मोबाइलमध्ये. म्हणा, काका मीच बोलतेय.

प्रश्न : मी बँकेतून ब्रँच मॅनेजर म्हणून रिटायर झालो, दीड वर्ष झालं. जी ब्रँच मी चालवली तिथे परवा पासबुक भरायला गेलो तर नवीन वॉचमन म्हणाला काका लायनीत या. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, मी आता कुणीच नाही. तिला हसू आलं. (वय ६१, सातारा)

उत्तर : त्यांना हसू आलं कारण त्यांना 'लायनीत या' साठ वर्षं सगळेच म्हणतायत.

२०१६ साली इंग्लंडमधल्या ४२४ निवृत्त लोकांचा एक अभ्यास आला होता, त्यांच्याशी जुळणारे तेवढेच नोकरी करणारे लोक तुलनेला घेतले होते. रिटायर व्हायच्या आधी माणूस ज्या गटांमध्ये होता, भजनी मंडळ म्हणा, क्लब म्हणा, त्यातले नंतर किती टिकले ते बघितलं. दोन गट होते आणि दोन्ही टिकले, तर पुढच्या सहा वर्षांत मरण्याची शक्यता २ टक्के. एक सुटला तर ५. दोन्ही सुटले तर १२. आजारी माणूस आपसूकच घरी बसतो हे मलाही सुचलं, पण त्यांनी तब्येतीचा हिशोब धरूनच हे आकडे काढले होते. तुमचा एकच गट होता, बँक. सगळे पैसे एकाच एफडीत, मॅनेजरसाहेब, ग्राहकाला तुम्ही असं करू दिलं असतं का?

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कॉलेजात असताना पेटी वाजवायचो, ती आता माळ्यावर आहे. ती खाली काढा. आधी भाता तपासून घ्या, माळ्यावरच्या पेटीचा भाता उंदीर सोडत नाहीत, आणि साताऱ्यात दुरुस्त करणारा कुणी नाही भेटला तर मिरजेला चक्कर मारा, तिथे तंतुवाद्यांच्या गल्लीत विचारलं की पेटीवाल्याचा पत्ताही कुणीतरी सांगेल.